तुसावरच्या कुस्त्या

माझा गळा बसला की वहिनीला कळायचं, भावोजी खोटं बोलून आलेत. सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर गुडघा शेकायला जातो, असं मी घरी सांगायचो. रविवारी दुपारी जेवून रिक्षा काढायची आणि दिवेलागणीच्या आत परत यायचं. "भावोजी, गुडघा बुडवता का गळा?" ती भाकरी वाढता वाढता विचारायची. "गरम पाण्यानं गळा बसलेला माणूस मी पहिल्यांदाच बघते." भाऊ हसायचा. मी खाली मान घालून जेवायचो. काय सांगणार? महाडच्या बाहेर एका पोल्ट्रीत उघड्या अंगाचे दांडगे गडी एकमेकांना आडवे करतात आणि ते बघायला मी जातो, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

मी वीर स्टेशनावर रिक्षा लावतो. गाडी आली की ओरडायचं, पॅसेंजर भरायचे, महाडला सोडायचे, परत यायचं. एकदा दोन गडी बसले. खांदे एवढे रुंद की तिसरा माणूस मागे मावेना. मी विचारलं, जिमवाले काय? ते एकमेकांकडे बघून हसले. त्यांना गावाबाहेरच्या पोल्ट्रीवर सोडलं तर आतून आरडाओरडा ऐकू येत होता. कोंबड्यांचा नव्हे, माणसांचा. मी रिक्षा बंद केली आणि त्यांच्यामागून आत शिरलो. कुणी अडवलं नाही. दारात औषधाच्या पाण्याचं घमेलं होतं, त्यात पाय बुडवायला लावले तेवढं. मालक म्हणाला, "बाहेरचा रोग नको आत. आणि मोबाईल इकडं द्या." खाद्याच्या बादलीत सगळ्यांचे मोबाईल जमा होते.

पोल्ट्रीचं असं असतं, की कोंबड्यांची एक बॅच उचलली की शेड धुतात, चुना मारतात, जमिनीवर भाताचं नवं तूस पसरतात आणि मग नवी पिल्लं येईपर्यंत शेड मोकळी. त्या मोकळ्या दिवसांतला रविवार या कुस्त्यांचा. जत्रेतल्या कुस्त्या वेगळ्या. तिथं वस्ताद असतो, पंच असतो, फेटा असतो, गावकीचा मान असतो. इथं यातलं काही नाही. कुणी एमआयडीसीत पाळी करणारा, कुणी ट्रक भरणारा, कुणी मुंबई सोडून परत आलेला. दिवसभर राबून उरलेल्या वेळात अंग कमवलेलं आणि ते कुणाला दाखवायचं हा प्रश्न. परवानगी घेतलेली नाही, घरी सांगितलेलं नाही. नावंसुद्धा नाहीत. वाडीवाला, क्रशरवाला, एमआयडीसीवाला, अशीच हाक मारायची.

कायदा एकच. हार तोंडानं कबूल करायची. हार मानायला तुसावर हात आपटला तर आवाज येत नाही, धूळ तेवढी उडते. म्हणून "बास" म्हणायचं, सगळ्या शेडला ऐकू जाईल असं. ते म्हटल्याशिवाय समोरचा सोडणार नाही आणि मालक मध्ये पडणार नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्याकडचा माणूस हात एक वेळ आपटेल, चारचौघांत तोंडानं "बास" म्हणणं त्याच्या जिवावर येतं. मी बघितलंय ना. डोळ्यांत पाणी यायचं, ओठ हलायचे, शब्द निघायचा नाही.

आता हसू नका. मला ती शरीरं बघायला आवडायची. झालं, सांगितलं. घामानं चमकणारी पाठ, मानेची ताठलेली शीर, दोघं अडकून थांबले की दंडांची ती थरथर. तिथं जमणारे बाकीचे म्हणायचे, आम्ही डाव बघायला येतो. बघू देत बापडे. मी डाव बघायला गेलो नाही. मी लग्न केलं नाही, आणि का केलं नाही ते विचारायचं घरच्यांनी केव्हाच सोडून दिलं. आठवडाभर मी पॅसेंजरच्या पिशव्या उचलायचो, भावाच्या घरात कोपऱ्यात झोपायचो, आणि कुणी मला जेवलास का यापलीकडे काही विचारायचं नाही. त्या शेडमध्ये मात्र मी जिवंत माणूस असायचो. गळ्याच्या शिरा तुटेस्तोवर ओरडायचो. स्टेशनावर कमावलेला आवाज माझा, पत्र्याला धडकून परत यायचा. लोक वळून बघायचे. बघा म्हटलं.

आणि ओरडायचो ते एकासाठी. वाडीवाला. पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या रस्त्याला फुटून डोंगरात चढलं की त्याची वाडी. उंचीला बेताचा, पण अंग असं की कुणी बसून घडवलंय. महाडच्या एका गोडाऊनमध्ये पोती उचलायचा आणि पहाटे पोलीस भरतीची तयारी करायचा, पळणं आणि गोळा फेकणं. दोनदा थोडक्यात हुकला होता. आता वयाची अट संपत आलेली, ही भरती शेवटची. हे मला त्यानं सांगितलं नव्हतं. पोलादपूरच्या स्टँडवरच्या चहावाल्याकडून काढून घेतलं होतं. त्याच्याशी मी एक शब्दही बोललो नव्हतो. बोलून काय म्हणणार? मी तुझा कोण?

एकदा जिंकल्यावर तो उठला, केसांतलं तूस झटकलं आणि आमच्या बाजूला बघून मान हलवली. माझ्याकडेच. मला तरी तसंच वाटलं. त्या मान हलवण्यावर मी पुढची बॅच निघेपर्यंत खुशीत होतो. वहिनी म्हणाली, "काय भावोजी, गाणी काय म्हणताय? कुणी बघून ठेवलीय की काय?" मी म्हटलं, गप गो.

दिवाळीनंतर बॅच उचलली. भरतीचं ग्राउंड, म्हणजे पळण्या-फेकण्याची परीक्षा, तोंडावर आलेलं. मला वाटलं, तो यायचा नाही. यायला नकोच होता. खरं सांगतो, तो दिसला नाही तर बरं, असं म्हणत मी पाय बुडवून आत गेलो, आणि तो पत्र्याला टेकून उभा दिसला तेव्हा माझ्या पोटात आनंद मावेना. माणसाचं मन म्हणजे काय चीज आहे बघा. त्याचं भलं व्हावं असं वाटत होतं आणि तो पोलीस होऊन कुठंतरी निघून जाईल याची धास्तीही होती. शेवटची एकदा बघून घेऊ, असं मनाला समजावलं.

समोर एमआयडीसीवाला. हा कुणाला हरलेला नव्हता. वजनानं जास्त, मान नाहीच, डोकं थेट खांद्यावर. सुरुवातीला आमच्या वाडीवाल्यानं त्याला चांगला नाचवला. खालून शिरला, कमरेला धरलं, एकदा तर उचलला. मी एवढा ओरडलो की शेजारच्यानं कानात बोट घातलं. मग कुठंतरी पाय सरकला. तूस नवं होतं, खाली धुतलेली फरशी. वाडीवाला पालथा पडला आणि दुसरा त्याच्या पाठीवर बसला. उजवा हात मागे ओढून वर पिळायला लागला.

वाडीवाल्याचा गाल तुसात रुतलेला. तोंड आमच्या बाजूला. डोळे मिटलेले. हात वर वर चाललेला. शेड गप्प झाली, कारण हे संपलं हे सगळ्यांना दिसत होतं. मालक वाकून म्हणाला, "बोल रे. बोल, म्हणजे सोडवतो." तो बोलेना. मी एकटा ओरडत होतो. "ऊठ! ऊठ मर्दा! तुला कोण रोखतोय! ऊठ रे माझ्या राजा!" मला दिसत होतं की तो उठू शकतो. देवाशपथ, मला तसं दिसत होतं. पाठीचे स्नायू उसळत होते. आता फिरेल, आता फिरेल, असं वाटत होतं.

मग खांद्यातून आवाज आला. ओली फांदी मोडल्यासारखा. एमआयडीसीवाल्यानं घाबरून हात सोडला आणि तो हात तुसावर पडला तो तसाच वाकडा राहिला. वाडीवाला ओरडला नाही. "बास" असं तेव्हा म्हणाला, अगदी हळू.

दोघांनी त्याला गाडीत घातलं. मालक दारात उभा राहून प्रत्येकाला मोबाईल देताना सांगत होता, "बाईकवरनं पडला. काय? बाईकवरनं." मी पुढे झालो, म्हटलं माझी रिक्षा आहे, मी येतो दवाखान्यात. एकानं विचारलं, "तुम्ही कोण त्याचे?" मी मागे सरलो. गाडी गेली. शेडमध्ये परत कधी कुस्ती झाली नाही. मालकानं दाराला कुलूप लावलं आणि पिल्लं आणली.

ग्राउंड झालं. तो नव्हता. ऑपरेशन झालं, खांद्यात सळी घातली, गोळा सोडा, पाण्याची कळशीसुद्धा त्या हातानं उचलायची नाही असं डॉक्टरनं सांगितलं. ही बातमीही मला चहावाल्यानंच दिली. स्टेशनावर मी रिक्षात बसून राहिलो. गाडी आली नि गेली, मी हाक दिली नाही. बाजूचा रिक्षावाला म्हणाला, "काय रे, बरं नाय काय?" मी म्हटलं, नाय.

शेवटी न राहवून गेलो. सफरचंदं घेतली. पोलादपूर सोडलं, आंबेनळीच्या रस्त्यानं थोडं वर जाऊन रिक्षा एका वळणाला लावली आणि वाट विचारत चढलो. वाडीत निम्म्या घरांना कुलपं, माणसं मुंबईला. तो पडवीत खाटेवर बसला होता. हात गळ्यात बांधलेला. अंगातला बनियन त्याला ढगळ होत होता.

"कोणाकडं आलाव?" त्यानं विचारलं.

"तुझ्याकडंच." मी हळू आवाजात म्हटलं, आजारी माणसाशी बोलतात तसं. "मी पण यायचो, पोल्ट्रीत. बघायला."

"होय काय? बसा." त्यानं डाव्या हातानं खाटेवरचं अंथरूण सारलं. "राग मानू नका, पण मला तोंडं नाय आठवत कोणाची. आत गेलो की मला माणूस दिसायचाच नाय. सगळं धुरकट."

मी सफरचंदांची पिशवी खाली ठेवली. म्हणजे ती मान हलवली ती माझ्याकडे बघून नव्हती. ठीक आहे, मनात म्हटलं. ठीक आहे.

"भरती तोंडावर असताना कशाला आलास रे त्या दिवशी?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

तो समोरच्या डोंगराकडे बघत म्हणाला, "खरं सांगू? पहाटे पळायचो ना मी, रस्त्यानं एकटाच. कोण बघत नाय, कोण बोलत नाय. वाडीत म्हातारी माणसं फक्त. नि तिकडं एक माणूस होता. कोण होता काय म्हाईत. आवाज असा त्याचा, पत्रा हलायचा. फक्त माझ्यासाठी वरडायचा. माझ्या बापानं सुद्धा माझ्यासाठी कधी असा आवाज काढला नाय. म्हटलं, जायच्या आधी एकदा ऐकून येऊ."

मी खाटेची दोरी घट्ट धरली.

"हात पिळला तेव्हाच कळलं मला, गेलो आपण. मालक बोल बोल म्हणत होता. बोलणार होतो मी. जिभेवर होता शब्द. पण तो माणूस ऊठ ऊठ करीत होता. आता त्याच्या देखत कसं म्हणू? तो गप बसंल तेव्हा म्हणू, असं मनात धरलं." तो जरासा हसला. "तो गपच बसला नाय."

मी खाटेची दोरी धरून बसलो होतो. रडू येत होतं. त्याच्या पायावर डोकं ठेवावं असं वाटत होतं, त्या बांधलेल्या हाताला नुसता हात लावावा असं वाटत होतं. काहीच केलं नाही.

"तुम्ही तिथं यायचाव म्हणता. ओळखता काय त्याला?"

"नाय," मी म्हटलं. जवळजवळ कुजबुजलोच.

"भेटला तर सांगा, माझा राग नाय. मी इचारला म्हणून सांगा."

तेवढ्यात त्याची आई डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन अंगणात आली. भारा टाकला, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "कोण रे हा? कुठनं आलास रे बाबा? चाय घेतलास काय?"

मी काहीतरी पुटपुटलो. तिनं कानामागे हात धरला.

"तिला कमी ऐकू येतं," तो म्हणाला. "जोरात बोला जरा."

मी तोंड उघडलं. तो माझ्याकडे बघत होता, सहजच, पाहुण्याकडे बघतात तसा. मी तोंड मिटलं, म्हातारीला नुसते हात जोडले आणि चप्पल पायात सरकवून उतरणीला लागलो. मागून ती मोठ्यानं त्याला विचारत होती, "मुका हाय काय रे तो?"