राजीनामा

आप्पा जाऊन तीन वर्षं झाली, तरी दौंडच्या तहसील कचेरीसमोरून जाताना माझी मान त्यांच्या टेबलाच्या जागेकडं वळते. लोकांचे अर्ज लिहून द्यायचे ते. शेजारीच माझं झेरॉक्सचं दुकान, म्हणून रोजची भेट. समोरच्याचं म्हणणं दोनदा ऐकल्याशिवाय पेन उघडायचे नाहीत. "घाई कुनाला हाय?" म्हणायचे.

एकदा कुरकुंभच्या कारखान्यातला उत्तर प्रदेशचा एक कामगार आला. सुपरवायझरशी त्याची बाचाबाची झाली होती. "साहब ने राजीनामा माँगा है," तो हसत म्हणाला. "लिख दीजिए."

"नोकरी सोडतूयस, आन् हसतूस?"

"छोड़ेंगे क्यों? हमारे गाँव में झगड़ा मिटता है, तब राजीनामा लिखते हैं."

आमच्याकडं तो नोकरी सोडल्याचा कागद असतो, हे आप्पांनी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. त्याचा चेहरा पडला. तिथंच पायरीवर बसला.

आप्पांनी त्याचं म्हणणं पुन्हा एकदा ऐकलं आणि पेन उघडलं. "तुझंच बराबर हाय," ते म्हणाले. "राजी झाल्याचा कागद, त्यो राजीनामा." मग तोच मथळा घालून त्यांनी लिहिलं, की मनात काही न ठेवता आम्ही दोघं एकत्र काम करायला राजी आहोत. टेबल माझ्या भरवशावर सोडून ते त्याच्याबरोबर कुरकुंभच्या जीपमध्ये चढले.

परतले ते दिवस मावळताना.

"आप्पा, साहेबानं घेतला का राजीनामा?" मी विचारलं.

"आधी तापला. मंग वाचला आन् हसाया लागला," आप्पा म्हणाले. "सही केली. दोघांनीबी."