दोन गावांचं एक स्टेशन

माझं माहेर रुळांच्या उत्तरेला, सासर दक्षिणेला आणि मध्ये स्टेशन. चाळीसगाव-धुळे लाईनीवरचं लहानसं. एक दगडी खोली, तिकिटाची खिडकी, मास्तरांचं क्वार्टर आणि दोन कडुनिंब. जमीन सासरच्या गावची गेलेली, पण पाटीवर नाव माहेरच्या गावाचं. जुनी माणसं सांगत, लाईन मोजायला आलेल्या साहेबाचा तंबू माहेरच्या आमराईत होता, म्हणून त्याने तेच नाव लिहून टाकलं. खरंखोटं कोणाला ठाऊक. भांडण मात्र खरं होतं.

माझे सासरे, आबा, नाव बदलावं म्हणून रेल्वेकडे अर्ज करत राहायचे. धुळ्याच्या खिडकीवर ते नाव तोंडातून काढावं लागू नये, म्हणून जातानाच परतीचं तिकीट काढायचे. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास माझं लग्न ठरलं, तेव्हा बैठकीतही त्यांनी विषय काढलाच.

"जमीन आमनी, नाव तुमनं, हाई कोठला न्याय शे, याही?"

माझे वडील हसले. "नाव ऱ्हाऊ द्या. पोर ते तुमलेच दी राह्यनू ना."

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी निघाले ते बैलगाडीतून. आबा बरोबर होते. फाटकाशी पोचलो तर फाटक बंद, मालगाडी यायची होती. गाडी येईना आणि मला कळा सुरू झाल्या. अजून पंधरवडा आहे, असं सगळे धरून चालले होते. मी घाबरून आबांचं धोतरच धरलं. ते म्हातारे गृहस्थ एरवी सुनेकडे मान वर करून बघत नसत. त्यांनी मला आधार देऊन क्वार्टरपर्यंत नेलं.

मास्तरांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. त्यांनी खाट रिकामी केली आणि आबांना बाहेर काढलं. पण घरात पाणी एक माठभर. स्टेशनला पाणी गाडीनेच यायचं आणि ते त्या दिवशी आलं नव्हतं. आमचा गाडीवान एका गावाकडे धावला, फाटकवाला दुसऱ्या. थोड्या वेळात दोन्हीकडून बायका हंडे घेऊन आल्या. एकीकडून माझी आई आणि तिच्यामागे वडील, दुसरीकडून सासू. सुईणही आली, पण तोवर अक्कांच्या हातावर मुलगी झाली होती.

बाहेर कडुनिंबाखाली आबा आणि माझे वडील बसले होते. मुलगी झाल्याचं कळल्यावर आबा पहिलं वाक्य बोलले ते असं: "आमना शिवारमा व्हयनी!"

"पाटी वाचा, याही," वडील म्हणाले.

अक्का दारात आल्या. त्यांचं लुगडं भिजलेलं होतं. "पोरगी पाण्यावाचून मेली असती तर कुठल्या गावची म्हणाला असता?" आत मला ऐकू येत होतं. इतक्या वेदनेतही मला बरं वाटलं.

सव्वा महिन्यानंतर आबा स्वतः माझ्या माहेरी आले. स्टेशनवर हातपंप हवा, असा अर्ज दोघांनी मिळून लिहिला. स्टेशनचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा आबांनी वडिलांच्या हातातून पेन घेतला आणि पाटीवरचंच नाव लिहिलं. दुसरं लिहिलं तर अर्ज पोचणार कसा, एवढंच म्हणाले. नाव बदलाचा अर्ज त्यानंतर त्यांनी केला नाही, पण परतीचं तिकीट शेवटपर्यंत जातानाच काढलं.

हातपंप यायला दोन उन्हाळे गेले. पाणी लागलं, थोडं मचूळ, पण पिण्याजोगं.

पुढे रस्त्याने काळ्यापिवळ्या जिपा सुरू झाल्या आणि गाडीची वाट बघणारे कमी झाले. नव्वदनंतर मास्तरांची जागाच गेली. क्वार्टरला कुलूप लागलं. सामान गाडीत चढवायच्या आदल्या दिवशी अक्का उन्हातून चालत आमच्या घरी आल्या. मुलगी तेव्हा शाळेत जायला लागली होती. त्यांनी तिला जवळ घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला त्या दिवशी काहीच येत नव्हतं गं. सुईण येईपर्यंत नुसता देवाचा धावा करत होते."

मी त्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.