नवसाचं कोंबडं आणि देवीचा डावा कौल

“फेक त्याला खाडीत! आत्ताच्या आत्ता फेक! मानमोडी हाय ती, समद्या कोंबड्या घेऊन जाईल!”

सासूबाई ओटीवर उभ्या राहून ओरडत होत्या. त्यांचा आवाज असा, की एकदा त्यांनी रेवदंड्याच्या बंदरावरून हाक मारली तेव्हा खाडीपलीकडचा कोण कुठला माणूस भरल्या ताटावरून उठून होडीत बसला होता. तो आवाज त्या दिवशी सगळा माझ्यावर होता. मी अंगणात कोंबडं पदराखाली धरून उभी. कोंबडं म्हणजे नुकता तुरा फुटू लागलेलं पोर. मान वर ताणायचं, मग एका बाजूला पिळायचं, चोच उघडायचं आणि आवाज न काढता मिटायचं. आमच्याकडे मान अशी फिरायला लागली की लोक पुढचं काही बघत नाहीत. मानमोडी म्हणायचं आणि पिल्लू भरतीच्या पाण्यात सोडायचं. मागच्या साली त्या रोगानं आमच्या आळीत एक कोंबडी शिल्लक ठेवली नव्हती. पहाटे आरवायला कोणी उरलं नाही म्हणून सूर्यसुद्धा उशिरा उगवायचा.

पण हे कोंबडं फेकायचं कसं? ते नवसाचं होतं.

ही गोष्ट स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत आणि नायलॉनची जाळी अजून आमच्याकडे आली नव्हती. घरात आम्ही दोघी जावा, मी थोरली आणि हिरा धाकटी. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, एकाच मचव्यावर जाणारे. वैशाखाच्या शेवटी, दर्या बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या फेरीला, मचवा वादळात सापडला. बाकीच्यांच्या होड्या परत आल्या, आमची आली नाही. दोघी देवीच्या देवळात जाऊन बसलो. मी उभी राहून, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात नवस बोलले, “आई, माझा धनी परत आण, घरचं कोंबडं वाढवून तुझ्या अंगणात सोडीन!” आमच्या देवीला रक्त चालत नाही. कोंबडा तिला दाखवायचा आणि तिच्या आवारात मोकळा सोडायचा. हिरा खांबाला टेकून, तोंडावर पदर घेऊन बसली होती. एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी शीड फाटलेला मचवा मुरुडच्या बाजूनं हळूहळू आला, दोघे भाऊ जिवंत.

आणि मग सुरू झालं! सासूबाईंनी आळीभर सांगितलं, “धाकटीनं मुक्यानं नवस केला आणि देवीनं ऐकला. देवीला मुक्याचं जास्त ऐकू येतं.” झालं. विहिरीवर, बाजारात, मासळी सुकवायच्या वाळूवर, सगळीकडे हिराचा नवस. मी एवढी ओरडले, माझ्या घशाला आठ दिवस सूज होती, माझ्या नवसाचं नावसुद्धा नाही! नवरा माझा परत आला आणि त्याबद्दल हात जोडायचे ते जावेला. तुम्हीच सांगा, भक्ती ही अशी वाटून घेता येते का? देवानं दुसऱ्याचं ऐकलं याचं दुःख, देवानं आपलं ऐकलं नाही यापेक्षा मोठं असतं. हे मला कोणा कीर्तनकारानं शिकवलं नाही, मी स्वतः भोगून शिकले.

सासूबाईंनी एकाच टोपलीतली, एकाच कोंबडीखाली उबवलेली दोन नर पिल्लं दोघींना दिली, एक तिला, एक मला. नारळी पुनवेच्या सकाळी दोन्ही देवीला सोडायची, मगच मचवा पाण्यात ढकलायचा. नवस फिटल्याशिवाय दर्यात पाय घालणार नाही, असं माझ्या माणसानं सांगून टाकलं होतं. म्हणजे कोंबडं गेलं तर दुसरं वाढेपर्यंत घरचा अर्धा हंगाम गेला, आणि शिवाय गाव म्हणणार, बघा, थोरलीचा नवस देवीनं घेतलाच नव्हता.

हिरा आपल्या पिल्लाला चार दाणे टाकायची आणि विसरायची. तरी ते असं फुगलं, असं चमकायला लागलं, की त्याच्या पंखांत तोंड बघून कुंकू लावता आलं असतं. माझ्यानं ते बघवेना. मी माझ्या कोंबड्याला राजाचा थाट केला. तांदळाचे कणे, तूप लावलेल्या भाकरीचा चुरा आणि वर मूठ मूठ सुका जवळा. आणि हे सगळं मी मागल्या दारी नाही टाकलं. पुढच्या पडवीत टाकलं, जिथं पावसाचे दिवस म्हणून हिरा बसून जाळी दुरुस्त करायची. जाणाऱ्या-येणाऱ्यानं बघावं आणि हिरानं तर रोज बघावंच, की थोरलीचं कोंबडं काय खातं! जाळ्याच्या ढिगावर जवळा पडायचा, आणि कोंबडं जाळ्यात चोच खुपसून खुपसून खायचं. मला केवढा अभिमान!

मग श्रावणातल्या एका सकाळी ते उभंच राहिना. पिसं फुलवून कोपऱ्यात बसलं. तुरा सुकल्या मिरचीसारखा. दाणा टाकला तर बघायचं, उचलायचं नाही. मी हळद-गुळाची गोळी घातली, लसूण घातला, कांद्याचा रस घातला. मसाल्याचा सगळा डबा त्याच्या पोटात गेला असता, आणखी थोडं मीठ घातलं असतं तर कालवणच झालं असतं. काही उपयोग नाही. संध्याकाळपासून मान पिळायला लागलं, आणि सकाळी सासूबाई ओटीवर आल्या.

त्यांच्या ओरडण्यातही माझं डोकं चालत होतं. मानमोडी असती तर एकच कसं पडलं? त्याच खुराड्यात झोपणारं हिराचं कोंबडं अंगणात टेचात चाललंय, बाकी कोंबड्या दाणे टिपतायत, कोणाला शिंकसुद्धा नाही. हिरवी हगवण नाही, धाप नाही. म्हणजे रोग नाही. आणि रोग नाही म्हणजे काय? मला उत्तर तयारच होतं. दृष्ट! आणि कोणाची ते सांगायला नको. रोज पडवीत बसून कोण बघत होतं? मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका सगळ्या आळीला लागला, फक्त हिरा काही खोकली नाही. एवढा पुरावा मला बास होता.

“आत्या, दुपारपर्यंत थांबा,” मी म्हटलं. “देवीला इचारते. ती फेक म्हणाली तर माझ्या हातानं फेकीन.”

“इचार, इचार,” सासूबाई म्हणाल्या. “देवीला आता हाच धंदा उरलाय.”

पावसातून देवळात गेले. आमच्याकडे अडलं की कौल लावतात. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, आपण प्रश्न सांगायचा, आणि उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी कोंबडं मांडीवर घेऊन बसले आणि प्रश्न सांगितला, “आई, माझ्या जावेची दृष्ट लागली असेल तर उजवा दे.”

डावी पडली.

मी गुरवाला म्हटलं, पाकळी नीट चिकटली नव्हती. त्या भल्या माणसानं पुन्हा लावली. मी प्रश्न जरा सोपा केला, “आई, दृष्ट नसेल, पण तिच्या मनात वाईट असेल, तरी उजवा दे.” पुन्हा डावी. तीही अशी पटकन, की जणू देवीनं खांदा झटकला. मला रडू यायला लागलं, पण ते रडू भक्तीचं नव्हतं, रागाचं होतं. मी देवीशी भांडले. “इथंसुद्धा तिचीच बाजू! तिनं काय दिलं तुला जे मी दिलं नाही? माझं पोर मरतंय आणि तू तिला वाचवतेस?”

“बाय,” गुरव म्हणाला, “तू देवीला इचारतेस का शिकवतेस? एकदा तरी असं इचार, ज्याचं उत्तर तुला ठाऊक न्हाय.”

मांडीवरच्या कोंबड्यानं तेवढ्यात मान वर ताणली, माझ्याकडे बघितलं आणि चोच उघडली. त्या इवल्या डोळ्यात ना नवस होता, ना जाऊ, ना गाव. त्याला फक्त श्वास हवा होता. माझ्या आतलं काहीतरी खाली बसलं, दमलेल्या माणसानं ओझं टेकवावं तसं. मला काहीच येत नाही, काहीच ठाऊक नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. “आई, मग हिराकडेच नेऊ का गं याला?”

उजवी पाकळी पडली. नुसती पडली नाही, उडून माझ्या नाकाला येऊन लागली. गुरव म्हणतो वारा होता. असू दे त्याचा वारा.

परत येताना प्रत्येक पाऊल जड होतं. देवीपुढे हात पसरणं एक वेळ सोपं, पण जिच्यावर जळतो तिच्या दारात जाऊन पदर पसरायचा म्हणजे अंगातलं रक्त आटतं. हिरा पडवीत जाळं घेऊन बसली होती. मी कोंबडं तिच्यापुढे ठेवलं. “बघ गं जरा,” एवढंच म्हटलं. तेवढं म्हणायला मला समुद्र पोहून गेल्याइतका दम लागला.

तिनं हात पुसले, कोंबडं मांडीवर घेतलं आणि गळ्याखाली, जिथं दाण्याची पिशवी असते, तिथं बोटं फिरवली. “कालपासून काय खाल्लं?”

“एक दाणा नाही.”

“मग ही भरलेली कशी?” तिनं माझं बोट धरून तिथं लावलं. ओल्या सुतळीच्या गुंड्यासारखी गच्च गाठ होती. मग तिनं चोच उघडली, उजेडाकडे धरली आणि आत वाकून बघितलं. आंबट वास आला. जिभेच्या मुळाशी सुताचा फास बसला होता, आणि दोरा आत घशात गेला होता. जाळ्याचं सूत. माझ्या जवळ्याच्या वासानं माखलेलं, तिच्या हातातून गळलेलं, माझ्या थाटामाटात गिळलेलं.

मी दोरा ओढायला हात घातला तर तिनं माझ्या हातावर फटका मारला. “ओढू नको, बाय! जाळ्याची गाठ ओढून सुटते का कधी? ओढलीस की आवळते.”

जाळं कापायच्या छोट्या सुरीनं तिनं जिभेवरचा फास तेवढा कापला, टोक मात्र बोटात धरून ठेवलं. कोमट खोबरेल चोचीच्या कडेनं थेंब थेंब सोडलं. मग गळ्याखालची ती गाठ बोटांच्या पेरांनी चोळायला लागली. इतकी हलके, की मी नजर लावून बसले तरी बोटं हलताना दिसेनात. अडकलेलं जाळं ती जशी सैल करते, तशी. दोरा जेवढा आपण होऊन येईल तेवढाच घ्यायचा, अडला की थांबायचं, पुन्हा तेल, पुन्हा चोळणं. मी कोंबडं धरून बसले होते. आमच्या दोघींची डोकी एकमेकींना लागली होती, जशी लग्नानंतर कधीच लागली नव्हती. शेवटी दोरा सुटून बाहेर आला. लांबी किती म्हणाल, तर त्यात पापलेट धरायचं एक जाळं सहज विणून झालं असतं. हिरा म्हणते वीतभर होता. कोंबड्यानं मान हलवली, सरळ केली आणि माझ्या हातावर शिटलं. तो प्रसाद मी कपाळाला लावला नाही एवढंच.

पुढचे काही दिवस दाणा बंद. गुळाचं पाणी आणि भाताची पातळ पेज, रोज सकाळी गळ्याखालची पिशवी रिकामी झाली का ते चाचपून बघायचं. सासूबाई ओटीवरून म्हणाल्या, “मला वाटलंच होतं, मानमोडी न्हाय.” त्यांच्याशी वाद घालायचं कोणाच्या बापाचं काम नाही.

पुनवेच्या सकाळी आम्ही दोघींनी दोन्ही कोंबडे देवीच्या अंगणात सोडले. माझा वाळका होता, हिराचा दुप्पट. पण माझा असा आरवला, की बंदरातल्या शिडांना वारा भरला. खोटं वाटत असेल तर मचव्याला विचारा. दोघे भाऊ हसत दर्यात गेले.

मी तेव्हापासून देवीपुढे फार मागत नाही. ती जिथं पाठवेल तिथं जायचं, दार आवडो न आवडो, एवढं मला कळलं. तिची कृपा माझ्या घरी यायला निघाली, तेव्हा तिनं नेमका तो रस्ता धरला ज्याच्यावर मी काटे टाकून ठेवले होते. याबद्दल मी तिचे पाय धरते. जळणं मात्र सगळं गेलं असं मी देवळात उभी राहून शपथेवर सांगणार नाही. थोडं अजून आहे, चुलीत राखेखाली निखारा असतो तेवढं.

म्हणूनच त्या दिवशी देवळाच्या पायऱ्या उतरताना मला राहवलं नाही. मी हिराला विचारलंच. “हिरे, आता दोघींचे नवस फिटले. खरं सांग, आपली माणसं आली ती तुझ्या नवसानं, का माझ्या?”

हिरा पदरानं हात पुसत म्हणाली, “मी कुठं नवस केलावता? मी नुसती रडत व्हते.”