नळाचं कोरं पाणी

नथ्थूभाऊंनी उभ्या जन्मात मासे मारले. जाळ्यानं मारले, गळानं मारले, आणि उन्हाळ्यात तलाव आटला की गुडघाभर चिखलात उतरून नुसत्या हातांनीही धरले. मासा जगवायचा कसा, हे मात्र त्या ढिवराला कोणी शिकवलं नव्हतं. गरजच काय पडली होती? ही विद्या त्यांना सत्तरी ओलांडल्यावर, भद्रावतीच्या कॉलनीत, लेकीच्या क्वार्टरमध्ये बसून शिकावी लागली आणि तिनं त्यांना चांगलंच रडवलं.

बायको गिरजाबाई गेली, तेव्हा दिव्यानीनं बापाला गावाहून इकडे आणलं. मूल तालुक्यातलं ते गाव. मागचं दार उघडलं की चार ढांगांवर तलाव. पहाटे नथ्थूभाऊ जाळं ओढायचे, काठावर बसून गिरजाबाई मासे निवडायची आणि टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला निघायची. जाता जाता नवऱ्याला दोन बोल सुनावल्याशिवाय तिची टोपली उचलली जात नसे. आता ते बोल ऐकायला मिळावेत म्हणून नथ्थूभाऊंनी काय वाटेल ते दिलं असतं.

गाव सोडायच्या सकाळी त्यांनी शेवटचं जाळं टाकलं. मोठे मासे शेजारीपाजारी वाटले आणि बोटभर लांबीचे सहा-सात चंदेरी मासे दुधाच्या कॅनमध्ये घालून, एसटीत मांडीवर धरून भद्रावतीला आणले. का आणले, ते त्यांनाही धड सांगता आलं नसतं. गिरजाबाईचे पाय ज्या पाण्यात भिजले, त्यातलं काहीतरी जिवंत आपल्याजवळ असावं, इतकंच.

दिव्यानीनं हौसेनं काचेची पेटी, तळाशी घालायला गोटे आणि फिल्टर आणला. जावई फॅक्टरीतला, तपासल्याशिवाय खिळाही न ठोकणारा; तो पाणी तपासायचं किट घेऊन आला. क्लोरीन उडावा म्हणून नळाचं पाणी बादल्यांत दिवसभर उघडं ठेवलं. मग नळ्यांमध्ये भरून थेंब टाकले. अमोनियाची नळी पिवळी राहिली, नायट्राइटची निळी. रंगपट्टीवर दोन्ही शून्य. घरदार खूश झालं आणि मासे लगेच पेटीत गेले.

थोड्याच दिवसांत मासे वर येऊन तोंडं वासू लागले. अमोनियाची नळी आता हिरवीगार होत होती. घाण झाली, दुसरं काय, असं म्हणत नथ्थूभाऊंनी पदर खोचल्यासारखं धोतर खोचलं. घरातला माठ बुळबुळीत झाला की जे करायचं, तेच केलं: सगळं पाणी ओतून दिलं, गोटे काथ्यानं खसाखसा घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईस्तोवर पिळला. दुसऱ्या दिवशी दोन मासे उलटे तरंगत होते. त्यांनी आणखी जोर लावून घासलं. आणखी मेले.

मेलेल्या माशासाठी ढिवर रडतो म्हटल्यावर गावात लोक पोट धरून हसले असते. नथ्थूभाऊ रडले. शेपटी एका बाजूनं फाटलेला एकच मासा उरला, तेव्हा ते लेकीला म्हणाले, "हा बी गेला त मी गावाले जातो. मले इथी करमून नाई राह्यलं."

गावात घराला कुलूप, ताट वाढायला कोणी नाही. भाकर थापणारा दिव्यानीचा हात थांबला.

ती चंद्रपूरला माशांच्या दुकानात जाऊन आली. दुकानदार आदेशनं तिला समजावलं होतं, तेच तिनं बापाला समजावलं. नळाचं पाणी वाईट नव्हतं, पण कोरं होतं. माशांच्या घाणीचा अमोनिया होतो. डोळ्यांना न दिसणारे जंतू तो खाऊन त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. मग दुसरे जंतू त्याचं नायट्रेट करतात, ते तितकंसं बाधत नाही आणि थोडं थोडं पाणी बदललं की कमी होतं. हे जंतू गोट्यांवर, स्पंजात हळूहळू वस्ती करतात, महिना-दीड महिना घेतात. बाबा घासत होते, ती या जंतूंचीच घरं होती.

नथ्थूभाऊंना स्वतःचाच राग आला. तलावाचे गोटे जन्मभर पायाखाली बुळबुळले, आणि त्यांना वाटत आलं की ती बुळबुळ फक्त माणसाला पाडायलाच असते.

मग त्यांनी हात आवरला. खाणं चिमूटभर, बदलायचं पाणी बादलीभर, तेही क्लोरीन उडालेलं. हिरवी नळी हळूहळू पिवळी होऊ लागली, तर नायट्राइटची निळी जांभळी झाली. रोज ते पेटीसमोर बसत आणि माशाशी तलावाच्या, बाजाराच्या, गिरजाबाईच्या गोष्टी बोलत. दिव्यानी ऐकत असे, पण मध्ये पडत नसे.

एक दिवस जावयानं त्यांना डोळे तपासायला चंद्रपूरला नेलं. संध्याकाळी परतून ते पेटीसमोर बसले आणि काचेजवळ वाकले. मासा पोहत होता. लांबी तीच, रंग तोच. पण त्यांच्या माशाची शेपटी एका बाजूनं फाटकी होती आणि याची अख्खी होती.

दिव्यानी नळ्या घेऊन आली. एक पिवळी, एक निळी. नायट्रेटची तेवढी नारिंगी. "बाबा, पाणी तयार झालं," ती म्हणाली, पण तिनं वर पाहिलं नाही. तिच्या साडीची कड चिखलानं भरली होती. बापाच्या माघारी ही पोर एकटीच कुठल्यातरी तळ्यात उतरली होती.

नथ्थूभाऊंनी बराच वेळ त्या चिखलाकडे पाहिलं.

"त्याईनं मरून पाणी तयार केलं व माय," ते म्हणाले. "आता हा नवा आला. याले टाकून मी कुठी जाऊ?"

दिव्यानी तिथेच फरशीवर बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आई गेल्यापासून ही एकदाही रडली नव्हती, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.