हिरडीवर अंगठा

पत्र्याच्या टेबलावर कुत्र्याचं शेपूट आपटलं की टप, टप असा आवाज व्हायचा. बोईसरला जनावरांच्या दवाखान्यात कामाला लागलो, त्या पहिल्या दिवशी ऐकलेला तो आवाज. पुढे जन्मभर कुत्री धरून उभा राहिलो. किस्से साचणारच! आता सरावली गावात एकटाच असतो. सांगायला भिंती आहेत, पण त्या हसत नाहीत.

*

डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं. "मामा, ओठ वर करा. हिरडी अंगठ्याने दाबून सोडा. पांढरी झालेली जागा एक-दोन म्हणेपर्यंत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. उशीर लागला, हिरडी फिकी दिसली, कान-पंजे गार लागले, तर रक्ताचं प्रेशर पडलंय समजा. मग थांबायचं नाही."

मी घरी जाऊन बायकोच्या हिरडीवर प्रयोग केला.

"मी कुत्री हाय का?" म्हणाली, आणि भाकरी करपेपर्यंत हसत राहिली.

ती गेल्यापासून भाकरी मीच करतो. करपत नाही.

*

कॉलनीतल्या एक बाई स्वतःचं बीपीचं मशीन घेऊन आल्या. दंडाचा पट्टा टफीच्या इवल्याशा पायाला गुंडाळलेला! मशीन नुसतं 'एरर' दाखवत होतं.

"डॉक्टर, बिघडलंय कोण? मशीन की टफी?"

डॉक्टरांनी छोटा पट्टा लावला. टफी ठणठणीत. वाढलं होतं ते बाईंचं!

*

चाळीतला एक कामगार कुत्रा उचलून आला. "चाचा, बाईक का धक्का लगा था. कल से आलसी हो गया है."

मी ओठ वर केला. हिरडी कागदासारखी. "आलसी नहीं, बेटा," म्हटलं. पोटात रक्त साचलं होतं. डॉक्टरांनी खूप धावपळ केली.

जाताना त्या कामगाराने गळ्यातून सोडलेल्या दोरीची नीट घडी केली आणि खिशात ठेवली.

*

तारापूरकडच्या मच्छीमार हशा तांडेलाच्या घरात तो आणि त्याचा कुत्रा काळू, तिसरं कोणी नाही. काळूला दोन दिवस उलट्या-जुलाब. भर उन्हात सुकत्या बोंबलांखाली आडवा झाला. ऊन लागलं समजून तांडेलाने त्याला मासळीच्या बर्फाच्या पेटीत घालून आणला!

डॉक्टर ओरडले, "अहो, तो आधीच गार पडलाय!"

"बर्फात मासली टिकते," तांडेल हळूच म्हणाला. "दुसरं काय ठावं नाय मला."

हिरडी दाबली. सातपर्यंत मोजलं तेव्हा कुठे रंग आला. सलाईन लावलं, गोणपाटात गुंडाळलं, गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या. तांडेल माझ्या अंगठ्याकडे बघत होता.

"भाऊ, मला पन दाखव."

दाखवलं. मग तोच दाबायचा, मोजायचा. सात. पाच. चार. संध्याकाळी दोन. आणि टेबलावर टप!

*

तेव्हापासून तो वर्षातून एकदा मला बोंबील आणून देतो.

गेल्या उन्हाळ्यात माझं पोट बिघडलं. तीन दिवस. सांगणार कोणाला? ओट्यावर आलो आणि भोवळ आली.

डोळे उघडले तर पायरीवर म्हाताऱ्या काळूचं शेपूट वाजत होतं. बोंबलांची पिशवी बाजूला टाकून तांडेलाने माझा ओठ वर धरलेला. "एक... दोन... तीन... चार..."

रिक्षात त्यानेच घातलं. हॉस्पिटलात सलाईन लागलं. तो खाटेशी बसून सारखा हिरडी दाबत होता.

"आजोबा, हे काय चाललंय?" नर्स ओरडली.

"मोजतोय."

दुपार कलली. त्याने पुन्हा दाबली. त्याचे ओठ दोनदाच हलले.

मग बोंबलांची पिशवी माझ्या उशाशी ठेवली आणि चालू लागला.