कॅव्हनच्या भिंतीपलीकडे गेलेला चेंडू

माझ्या सहनशीलतेचा इतिहास कोणी लिहिलाच, तर त्यात चिवड्याच्या डब्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण राखून ठेवावं लागेल. मंजिरीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, तो डबा डिकीत सगळ्यात खाली ठेवला. त्यावर दोन बॅगा, त्यावर कुकर आणि त्यावर तिच्या भावासाठी इडलीचं पीठ. २०२१चा जून. कोविडमुळे आलेली काउंटीबाहेर, म्हणजे इथल्या जिल्ह्याबाहेर, जायची बंदी उठून महिना झाला होता, ऊन पडलं होतं, लेटरकेनीचा डॉक्टर मेहुणा दीड वर्षाने भेटणार होता. सगळं जग सुखात, आणि माझ्या हाताशी चिवडा नाही.

डब्लिनच्या कडेच्या आमच्या ओंगारहून निघून एम-थ्री महामार्गाला लागलात की दोन टोल लागतात, कार्ड चालतं. कॅव्हनपर्यंत सव्वा तास. पेट्रोल पंपावर चिकन रोल बरा मिळतो, तो गाडीतच खायची तयारी ठेवा. मी कॅव्हन ओलांडेपर्यंत कळ काढली आणि एका खेड्यात चर्चसमोर गाडी थांबवली. पार्किंग फुकट. मी डिकी उपसत असताना आमची बारा वर्षांची रेवा म्हणाली, "बाबा, दॅट्स अ हँडबॉल अ‍ॅली." तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डब्लिनी इंग्रजीत येतं.

तीन बाजूंना काँक्रीटच्या भिंती, चौथी बाजू उघडी, वर आभाळ. समोरची भिंत दोन मजली उंच, बाजूच्या मागे येत उतरत गेलेल्या. कोणीतरी घर बांधायला काढलं आणि छप्पर घालायच्या आत अमेरिकेला गेलं, असं दिसत होतं. खेळ स्क्वॉशसारखाच, पण रॅकेट म्हणजे आपला तळहात. चेंडू समोरच्या भिंतीवर मारायचा, दुसरा टप्पा पडायच्या आत दुसऱ्याने परतवायचा, एकवीस गुणांचा डाव. रेवा हे शाळेत शिकली होती, पण वर्षभर कोर्टाला कुलूप होतं.

सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ तिथे एकटेच खेळत होते. नाव मार्टिन.

"चौदा महिने ही भिंतच जोडीला आहे," ते म्हणाले. "स्वभावाने चांगली आहे, पण कधी हरत नाही. तुम्ही खेळणार?"

आम्ही हो म्हणताच ते समोरच्या घरातून गरम पाण्याचं घमेलं घेऊन आले, ते ठेवून दोन मीटर मागे सरकले. आधी हात शेकायचे, अशी इथली रीत. गार हाताने खेळलात तर आठवडाभर शर्टाचं बटण लावता येत नाही म्हणे.

"घरी भांडी घासा म्हटलं की अहोंचे हात नाजूक असतात," मंजिरी म्हणाली.

मार्टिननी चेंडू दिला. लिंबाएवढा, कडक, चामड्याची शिवण असलेला. "थोरल्या भावाने शिवलाय. आत रबर आणि लोकर. गेल्या हिवाळ्यात तो गेला. त्याच्या हातचा हा शेवटचा."

"मग याने खेळायला नको," मी म्हटलं.

"प्रेसमध्ये ठेवून काय करू? चेंडूच आहे ना तो." प्रेस म्हणजे इथलं कपाट.

पहिले चार गुण मार्टिननी जागचे न हलता घेतले. पाचव्या वेळी चेंडू भिंतीवरून छातीएवढा आला. छातीएवढा आलेला चेंडू दिसला की नागपूरच्या गल्लीत वाढलेल्या माणसाचा हात विचारून फिरत नाही. फिरला. चेंडू डाव्या भिंतीवरून, मिडविकेटच्या दिशेने, शेतात दिसेनासा झाला. आणि मी, देवा शपथ, पंचासारखे दोन्ही हात वर केले.

कोणी टाळी वाजवली नाही.

"बाबा," रेवा म्हणाली, "दॅट्स आउट."

भिंतीमागे कंबरभर खाजऱ्या वनस्पतींचं रान आणि त्यापुढे वाहता ओढा. तासभर शोधलं. मंजिरीने छत्रीने रान झोडपलं, मी दोन्ही हातांना खाज कमावली. चेंडू मिळाला नाही.

"ग्रँड आहे," मार्टिन म्हणाले. आयर्लंडमध्ये लग्न लागण्यापासून घराला आग लागण्यापर्यंत सगळं ग्रँड असतं. पण म्हणताना ते माझ्याकडे नाही, ओढ्याकडे बघत होते.

मग त्यांनीच एक टक्कल पडलेला टेनिस बॉल शोधून आणला आणि रेवाला बोलावलं. ती एकवीस-अकरा हरली. पण एकदा तिने चेंडू भिंतीच्या अगदी मुळाशी असा बसवला की तो उसळलाच नाही, आणि मार्टिन हसून हसून भिंतीला टेकले. "भिंतीपेक्षा बरी खेळते. शिवाय बडबडही करते." डिकीच्या तळातून अखेर निघालेल्या चिवड्याने त्यांचे कान लाल झाले, तरी ओंजळ दुसऱ्यांदा पुढे आली.

लेटरकेनीत मेहुण्याने माझा तळहात तपासला. "भाऊजी, हा हात आहे की पुरी?" दोन दिवस समुद्र, डोंगर, इडल्या. गाडीशिवाय तिकडे जाऊ नका, आणि हँडबॉल खेळणार असाल तर हातमोजे न्या.

समुद्राचे फोटो फोनमध्ये आहेत. घरी आल्यावर माझ्या डोळ्यांपुढे मात्र तो ओढाच यायचा. लहानपणी आम्ही सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या चकत्या कापून चिंधीवर चढवायचो, त्याचा चेंडू व्हायचा. तीच विद्या चाळीस वर्षांनी बाहेर काढली. लोकर मंजिरीच्या अर्धवट स्वेटरची. चामडं माझ्या ऑफिसच्या बॅगचं. ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसला न जाता ती सव्वा वर्ष खुंटीवरच लटकत होती. पहिला चेंडू उसळेना, दुसरा तिरका पळाला. तिसरा रेवाने घराच्या आडभिंतीवर वीस-पंचवीस वेळा आपटून पाहिला.

"इट्स नॉट हिज ब्रदर्स, बाबा," ती म्हणाली. मग आणखी एकदा आपटून, "बट ही'ड प्ले विथ इट."

खोक्यावर मार्टिन, गावाचं नाव आणि 'चर्चसमोर' एवढंच लिहिलं. खेड्यात तेवढा पत्ता पुरतो. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, आत काही नाजूक आहे का.

"नाही," मी म्हटलं, "खुशाल आपटा."

पाठवणाऱ्याच्या जागी काही लिहिलं नाही.