तांडेलचे डोळे

काका कुणाशी बोलायला उभे राहिले की आधी ऊन कुठून येतंय ते बघत. मग असे सरकत, की त्यांची सावली कुत्र्याच्या तोंडावर पडावी. समोरच्याचे डोळे उन्हाने दिपले तरी त्यांना त्याचं काही नसे. "तुला हात हायत, आडवा धर," म्हणत. "त्यानं काय धरायचं?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, माणसांशी तुटक आणि जनावरापाशी लोण्यासारखी. काकांचं घर आमच्या शेजारी, मध्ये फक्त चिऱ्यांचा गडगा. उभं आयुष्य परदेशी बोटींवर गेलेलं. बायको वारलेली, मुलगा पुण्यात. घरात ते आणि तांडेल. होडी हाकणाऱ्याला आमच्याकडे तांडेल म्हणतात. हा तांडेल मात्र अल्सेशियनच्या वळणाचा कुत्रा होता आणि पाण्याला भयंकर भ्यायचा.

एकदा काकांनी मला गडग्यापाशी हाक मारली. "बघ गो, याच्या डोळ्यात काय दिसतं?" मला काहीच दिसेना. त्यांनी तांडेलची मान हलकेच वळवली, तेव्हा बुबुळाच्या बाहेरच्या कडेने गुलाबी सायीसारखं काहीतरी आत सरकलेलं दिसलं. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, या जातीत हा आजार असतो आणि कडक उन्हाने तो वाढतो. पुरता बरा होत नाही, पण औषधाचे थेंब चुकवले नाहीत आणि ऊन टाळलं तर नजर टिकते.

त्या दिवसापासून काकांचं घड्याळ बदललं. फिरणं उजाडायच्या सुमाराला, नाहीतर दिवस बुडाल्यावर. समुद्राकाठी दुपारी पाऊल नाही. "ऊन वरून लागतं तेवढंच खालून लागतं. वाळू फेकते ते डोळ्यात," म्हणत. मुलाकडून त्यांनी कुत्र्याचा काळा चष्मा मागवला. तांडेलने तो चावून टाकला. दुसरा मागवला. तो मात्र त्याने घालून घेतला, नि लग्नात बळेच फेटा बांधलेल्या पाहुण्यासारखा अवघडून चालू लागला. सगळी आळी हसली. काका हसले नाहीत.

रोज सकाळी खिडकीपाशी डोळ्यांची तपासणी चाले. साय पुढे आली का, पाणी येतं का, डोळा बारीक करतो का. काका पुण्याला गेले की हे काम माझ्याकडे. फोनवर आधी तांडेलचे डोळे, मग माझी चौकशी.

पुढे काकांचे गुडघे गेले. मुलाने कायमचं पुण्याला यायला सांगितलं. मी म्हटलं, तांडेलला माझ्याकडे राहू दे, त्याला माझी सवय आहे. काका एवढे दुखावले, की मलाच बोलल्याचं वाईट वाटलं.

"माझ्या कुत्र्याला मी टाकून जाईन काय? शोभतं तुला असं बोलणं?" सगळ्यांच्या देखत म्हणाले.

निघाले त्या सकाळी आळी जमली होती. मुलाची गाडी होती. थेंब मीच घातले. गणपतीपुळ्याला दर्शन घेऊन पुढे जाणार होते. मागच्या काचेतून तांडेलचे कान दिसत राहिले.

मग मी अधूनमधून फोन करायची. काका रंगून सांगायचे. गॅलरीत सावली असते, तांडेल तिथेच पडून असतो, साय मागे गेली आहे, इथले डॉक्टर खूश आहेत. मी आळीत सगळ्यांना सांगायची. बरं वाटायचं.

पावसाळा सरल्यावर पाहुण्यांना घेऊन गणपतीपुळ्याच्या वाटेवर आरे-वारेच्या किनाऱ्याला गेले. सरबताच्या गाडीशेजारी एक हाडांचा सापळा झालेला कुत्रा बसला होता, रस्त्याकडे तोंड करून, भर उन्हात. गाडीवाल्या बाईने सांगितलं, कुणीतरी याला गाडीतून उतरवून गेलं. तो मागे धावला, मग परत इथेच आला. खायला घालते, पण सावलीत काही बसत नाही.

मी नुसती "तांडेल" म्हणाले. त्याने मान वळवली, ती भलतीकडे. दोन्ही डोळ्यांवर तपकिरी पडदा आला होता.

मी तिथूनच काकांना फोन लावला. तांडेल कसा आहे, विचारलं.

"हा काय, आत्ताच जेवला. डोळे अगदी निवळलेत."

"काका, तो माझ्या पायाशी बसलाय."

मग ते सांगू लागले. आरे-वारेला नातवंडांना समुद्र बघायला गाडी थांबली, तेव्हा मुलाने सांगितलं, सोसायटीत कुत्रा चालत नाही. तिथे खायला मिळेल असं वाटलं.

"मागे फिरून माझ्याकडे सोडायचं होतं. कितीसं लांब होतं?"

"एवढं बोलून बसलो होतो गो सगळ्यांसमोर. तुला तोंड कसं दाखवणार?"

म्हणजे स्वतःचं तोंड लपवायला त्यांनी तांडेलचे डोळे दिले. मी फोन ठेवला. इतके दिवस ते मला त्याच डोळ्यांच्या गोष्टी सांगत होते आणि मी त्या घरोघर पोचवत होते.

तांडेलला घरी आणून पुन्हा थेंब सुरू केले. उजव्या डोळ्याला थोडं अंधुक दिसू लागलं. डावा गेला.

काका एकदाच आले, घर विकायला. मी पायरीवर उभी होते. त्यांना चहाही विचारला नाही. आमच्याकडे हे फार मोठं असतं, ते त्यांनाही कळलं. ते काही म्हणायच्या आतच तांडेल धडपडत माझ्या बाजूने निसटला, त्यांच्या अंगावर पडला, हात चाटू लागला, लहान पिल्लासारखा कुईकुई करू लागला. महिनोन्‌महिने मी त्याला पोसत होते. माझ्यासाठी त्याने असा आवाज कधी काढला नव्हता. त्या क्षणी मला तांडेलचाही राग आला.

काका रडत होते. मी त्यांना रडू दिलं.

"येतो गो," एवढंच म्हणून ते रिक्षात बसले. रिक्षा वळणापलीकडे गेली, आवाजही विरला. तांडेल शेपटी हलवत तसाच उभा होता, रिकाम्या रस्त्यासमोर.